गोड्या पाण्याची भरती

खाडीवर दीड वर्ष होते मी,
पाण्याखालच्या पंख्यांच्या वायरी जोडत.
हजेरीपत्रकात माझ्या नावापुढे 'वायरमन' लिहायचे.
तिथे समुद्र दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो,
वेळापत्रक आधीच छापलेलं असतं.
येताना पंखा एका अंगाने फिरतो, जाताना दुसऱ्या,
आणि मधल्या वीसेक मिनिटांत
पाणी कुणाचंच ऐकत नाही, नुसतं उभं राहतं.
तेव्हा आम्ही डबे उघडायचो.

हे मी डोमाजी मोठबाला सांगितलं,
वैनगंगेच्या काठी, तो डोंग्याला डांबर लावत होता.
'कोन ओढते मंग येवढ्या पान्याले?'
म्हटलं, चांद.
हातातला कुंचला खाली ठेवून हसला तो.
'आपल्या इथं तं चांद पडते पान्यात.
ओढत गिढत नाही काही.'

तरी दोन जुने डोंगे त्यानेच दिले.
मध्ये सहा फूट जागा, बंडीचा आस,
निळा ड्रम उभा चिरून केलेली पाती,
भंगारातला अल्टरनेटर, आणि
नांगर म्हणून जात्याची खालची तळी.

जागा मी मीटरने मोजली, वहीत आकडे मांडले.
मोठबाने विडीचं थोटूक पाण्यात टाकलं,
डोळे बारीक करून पाहिलं कुठे पळतं,
आणि माझ्या खुणेपासून बारा हात पलीकडे बोट दाखवलं.
'तू सांगतं तिथं नदीचं पोट हाये, सुस्त.
हे पिंढरी. हात लावून पाय.'
हात लावला.
वहीतलं ते पान मी खोडलं नाही, दुमडून ठेवलं.

'मासोळी कापन काय हे?'
सावकाश फिरतं, म्हटलं, मासे वळसा घालून जातात.
त्याने ऐकून घेतलं,
आणि तीन रात्री पात्यांच्या खाली
बांबूची धुटी लावून बसला.
पहिल्या रात्री पळसाची पानं.
दुसऱ्या रात्री कुणाची तरी चप्पल.
तिसऱ्या रात्री एक खेकडा, धडधाकट,
भयंकर रागावलेला.
मग मोठबा घरी जाऊन झोपला.

घाटावर तीन बल्ब लागले.
पहाटे चारला झिंगे निवडणाऱ्या बायांनी
इतक्या वर्षांत पहिल्यांदा झिंग्यांचे डोळे पाहिले.
'बंद कर वो माय,' गिरजाकाकू म्हणाली,
'सारे माह्याकडंच पायतेत.'
पण दुसऱ्या दिवशी ती बल्बाखालचीच जागा धरून बसली,
आणि सुनेचा मोबाइल चार्जिंगला घेऊन आली.

सेहेचाळीस दिवस.
मग वरच्या धरणाची दारं पडली.

आमच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापत नाहीत.
ऑफिसला फोन लावला.
'साहेब मिटिंगमध्ये आहेत,' पलीकडचा म्हणाला.
पाणी कधी सोडणार?
'साहेबांना विचारावं लागेल.'
खाडीवर चंद्र एकदाही
मिटिंगमध्ये नव्हता.

आता पात्यांवर शेवाळाची रेघ आहे.
वरच्या पात्यावर खंड्या बसतो,
त्याच्या वजनाने आस अर्धा इंच हलतो,
तेवढीच वीज.
बाया पुन्हा टॉर्च दातात धरून निवडतात.
काकू म्हणते, 'पायत होते तेच बरं होतं.'

काल संध्याकाळी मोठबा आणि मी डोंग्यावर बसलो.
त्याने थोटूक पाण्यात टाकलं.
ते पडलं तिथेच राहिलं, गोल भिजत.
मधला वेळ आहे, मी म्हटलं, आणि डबा उघडला.
'किती वेळचा?'
माहीत नाही.
त्याने भाकर मोडली, मला मोठा तुकडा दिला.
चंद्र पाण्यात पडला होता, नेहमीसारखा.
जेवता जेवता मला वाटलं, थोटूक बोटभर सरकलं.
मोठबा म्हणाला, वारा असन.
पण घास हातातच धरून
तोही तिकडेच बघत होता.